टेकडी कोण्या बाजूनं

बसा पुढंच, माझ्या बाजूले. बॅग मांडीवर घ्या. दारव्ह्याहून तांडा येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. शेवटी तुमच्याकडे एक कामबी हाय.

त्या दिवशी प्रेमसिंगच्या अंगणात आमी चहा पिऊन राह्यलो होतो. त्याची पोरगी बबिता नर्सचं शिकली. तिले मालदीवच्या दवाखान्यात नोकरी लागलती. प्रेमसिंग म्हणे, "देश दाखव मले. पाह्यल्याशिवाय पोरगी धाडत नसतो मी."

बबितानं परातीत पाणी भरलं अन् त्यात वाट्या पालथ्या ठेवल्या.

"हा देश, बा. सारी बारकी बारकी बेटं, हजाराच्या वर. अन् ही वाटी म्हणजे माले शहर, राजधानी. घराले घर लागून. पायी निंगालं तं दुपारपर्यंत गाव संपते. इमान दुसऱ्याच बेटावर उतरते, मंग पुलावरून याचं."

"एवढासाक?" तिची याडी, म्हंजे माय, मानीबाई हसली. "सारा देश आपल्या तालुक्यात मावन."

प्रेमसिंग नाही हसला.

"टेकडी कोण्या बाजूनं हाय?"

"टेकडी नाही तिथं, बा."

त्यानं परातीले बोटानं धक्का देल्ला. पाणी वाटीवरून गेलं.

त्याचा तांडा टेकडीवर. नाल्याले पूर आला का खालचं गाव लेकरं घेऊन त्याच्याच ओसरीत येते. लहानपणापासून तेच पाह्यलं त्यानं. बबितानं परात उचलून बकरीपुढं ठेवली.

पण "जाऊ नको" म्हणला नाही तो. तिले मीच या जीपनं नेलं. तांडा नजरेआड झाला तशी म्हणते, "काका, मले तं आपल्या विहिरीत वाकाचंबी भेव लागते. बाले नका सांगू."

नाही सांगतलं. उलट प्रेमसिंगले म्हटलं, अरे, तिथं टेकडी हाय, तिले ठाऊक नसन.

"पाहून आलेला माणूस आण," म्हणे. "मंग मानतो."

तवापासून माझी जीप थांबली का तो आत वाकून पाह्यते, कोणी शिकलेलं बसलं का म्हणून.

तो पाहा, निंबाखाली. पांढरा पटका. येईन आता तुमच्या खिडकीशी.

मालेले जाऊन आलो म्हणा. टेकडी कोण्या बाजूनं ते तुमीच ठरवा. फकस्त सांगतानी अडखळू नका.