टेबल

"टेबल कुठे आहे?" बहिःस्थ परीक्षक नाटेकर सरांनी विचारलं.

प्रीतमने माऊसवरचा हात काढला. पडद्यावर त्याच्या आईच्या खानावळीचं पान दिसत होतं. वर विजयदुर्ग किल्ल्याचा फोटो, खाली सुरमईचं ताट, बाजूला गाडी लावायची जागा आणि फोन नंबर. प्रात्यक्षिक परीक्षेचा प्रश्न एवढाच होता, की एखाद्या खानावळीच्या वेबसाइटचं मुखपृष्ठ तयार करा.

"रांगा-स्तंभांचं टेबल वापरलं नाही सर. त्याने छोट्या स्क्रीनवर पान कापलं जातं. असं केलं की पडदा लहान असला तरी मजकूर आपोआप सरकतो."

त्याने खिडकी ओढून अरुंद केली. फोटो खाली आला, मजकूर त्याच्याखाली जाऊन बसला. काहीही तुटलं नाही.

अंतर्गत परीक्षक रसिका राणे बाजूच्या खुर्चीवर बसली होती. क्षणभर तिला बरं वाटलं. हे तिनेच शिकवलं होतं. कोकणसागर विद्यापीठाच्या तळेऱ्याच्या केंद्रात वेब डेव्हलपमेंटच्या पदवीला ती चार वर्षं शिकवत होती, आणि अभ्यासक्रम संपला की शनिवारी दुपारी थांबणाऱ्या मुलांना म्हणायची, "पुस्तकात आहे ते परीक्षेसाठी. आता खरं काम बघूया." थांबणारी मुलं दोन-तीनच. प्रीतम एकदाही चुकला नव्हता. त्यासाठी विजयदुर्गची शेवटची एसटी सोडून तो मिळेल त्या ट्रकमधून घरी जायचा.

"आदर्श उत्तरात टेबल आहे," नाटेकर सर म्हणाले. "तीन रांगा, दोन स्तंभ. तुला हे कोणी शिकवलं?"

प्रीतमने रसिकाकडे पाहिलं. रसिकाने मान खाली घातली आणि समोरची गुणपत्रिका सरळ केली. ती पत्रिका सरळच होती.

"कोणी नाही सर," प्रीतम म्हणाला. "मीच शिकलो. सायबर कॅफेत."

"तरीच." सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, तुम्ही मागच्या वर्षी अभ्यासमंडळाच्या बैठकीला आला होतात ना? तुम्हीच त्या."

ती तीच. पदवीत काय शिकवावं यावर केंद्रांची मतं मागवली होती आणि रसिका आपलं मत घेऊन गेली होती. कोडचे टॅग पाठ करून घेणं बंद करा, ती म्हणाली होती. मुलांना मोडलेलं पान द्या आणि दुरुस्त करायला सांगा. ज्याच्यासाठी पान करायचं त्याच्याजवळ जाऊन बसायला सांगा, त्याला काय हवं ते ऐकायला शिकवा. आज शिकवतो ते पाच वर्षांनी जुनं होणार, तेव्हा नवीन आपलं आपण कसं शिकायचं तेवढं तरी शिकवा. अध्यक्षांच्या खुर्चीत नाटेकर सर होते. "छान," ते म्हणाले होते, "आणि याचे गुण कसे द्यायचे?" सगळे हसले होते. थोडं उशिरा रसिकाही हसली होती.

"मग तुम्हीच सांगा," सर आता म्हणाले. "तुमचा विद्यार्थी आहे. हे अभ्यासक्रमात बसतं? बसत असेल तर मी सही करतो."

ते खरंच थांबले. आवाजात रागही नव्हता. रसिकाच्या नेमणुकीची मान्यता त्याच महिन्यात विद्यापीठातून यायची होती, आणि ती कोणाच्या टेबलावरून येते हे दोघांनाही ठाऊक होतं. वर पंखा फिरत होता. प्रीतम तिच्याकडे पाहत नव्हता. त्याने पडद्यावरची खिडकी पुन्हा मोठी केली होती आणि उगाच फोन नंबर तपासत होता. कोल्हापूरच्या एका कंपनीने त्याला पास झालास की ये म्हटलं होतं. पेढे आणले होते त्याने तेव्हा.

"नाही बसत, सर," रसिका म्हणाली.

"लिहा मग. अनुत्तीर्ण."

तिने लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच नीटनेटकं आलं, याचंच तिला नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं. प्रीतम उठला, खुर्ची आत सरकवली आणि दोघांनाही "थँक्यू" म्हणून गेला.

मान्यता आली. रसिका शनिवारी थांबेनाशी झाली. थांबा म्हणणारंही आता कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर तळेऱ्याच्या बाजारात तिला यमुनाबाई दिसल्या, प्रीतमची आई. खानावळीपुरते ठेवून बाकीचे मासे विकायला त्या विजयदुर्गहून टेम्पोने आल्या होत्या. रसिकाने वाट बदलली, पण त्यांनी पाहिलंच.

"बाई! अशा कशा जातास? हडे येवा."

ती गेली. यमुनाबाईंनी टोपलीतली सगळ्यात मोठी सुरमई उचलली आणि पाटावर ठेवली.

"नको, यमुनाबाई. घरी कोणी नाही खायला."

"गप बसा. पैशे दिलात तर बघा. तुमी माझ्या झिलासाठी काय कमी केल्यात? सुट्टीच्या दिसाकसुद्धा शिकवल्यात. घरी येवन तुमचाच नाव घेयत होतो."

"आता... काय करतो तो?"

"बापाशीबरोबर होडयेर जाता. परत परीक्षेक बस म्हटलंय तर बसणा नाय." कोयता सुरमईच्या मानेवर बसला. "कोल्हापूरवाले काय थांबतत? दुसरो घेतल्यानी."

"हुशार होता हो तो," रसिका म्हणाली. "खूप हुशार."

यमुनाबाईंनी मान वर केली. आपल्याला बरं वाटावं म्हणून बाई असं बोलतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्या हसल्या.

"हुशार आसतो तर नापास कित्याक झालो असतो, बाई?"

आणि त्या तुकडे करू लागल्या, एकसारखे, जाड. रसिकाच्या मागे गिऱ्हाइकं जमली होती. कोणीतरी म्हणालं, "बाई, जरा बाजूक होवा." ती बाजूला झाली. पिशवी उघडून, दोन्ही हातांनी धरून, उभी राहिली.