पदरावरून ऐकू न आलेली खरखर

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. जुना म्हणजे अगदी जुना! माझी रबरी नळी दोनदा बदलली, पण कान अजून तिखट आहेत. गंगाखेडच्या डॉक्टर दत्तरावांच्या गळ्यात मी वीस वर्षं मिरवलो. साखर कारखान्याचे कामगार, शाळेतली पोरं, सगळ्यांच्या छातीतलं ऐकलं. बायकांचं मात्र पाठीवरून, तेही लुगड्याच्या जाड पदरावरून! तशीच रीत होती, आणि डॉक्टरही भिडस्त.

शहाऐंशी साली मेंढ्या राखणाऱ्या मनकर्णाबाई आल्या. ओठ पांढरेफटक, चार पावलांत दम. परभणीला तीनदा रक्त चढवलं, तरी महिन्याभरात पुन्हा तेच. "रक्त जातंय तरी कुठं?" डॉक्टर हैराण. असंच चाललं तर बाई हाती लागणार नाहीत, हे त्यांना कळत होतं.

"शौचाला काळं होतं का?"

"व्हतंय की. तंबाखूची मिसरी लावते न्हवं! तिचाच रंग."

डॉक्टरांनाही ते पटलं. पण सोबत आलेली सून केवळाबाई फटकळ.

"आत्याबाई, मिसरी तर मीबी लावते. माझं का न्हाई व्हत काळं? आन् डॉक्टरसाब, तुमी पाठीला काय ऐकायलात? काळीज पुढं असतंय!"

मनकर्णाबाई लाजून लाल झाल्या असत्या, पण लाल व्हायला अंगात रक्त नको का? सुनेनं पदर सारला आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या छातीला टेकलो. काय सांगू! प्रत्येक ठोक्याबरोबर करवत चालल्यासारखी खर्र-खर्र!

डॉक्टर ताडकन उठले. "काळजाची झडप अरुंद झालीय. अशा काही माणसांच्या आतड्यातल्या बारीक नसा गळतात. ते काळं म्हणजे रक्तच आहे, बाई! आणि मी इतके दिवस पाठ ऐकत बसलो."

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात झडप बदलली. गळती थांबली. वर्षभरात रक्ताची एकही बाटली लागली नाही. तपासणीला आल्या तेव्हा मनकर्णाबाईंनी मला डॉक्टरांच्या कानांतून ओढून आपल्याच कानांत घातलं.

"आगं बया, काळीज तर घड्याळावानी वाजायलंय! सोडा आता, मेंढरं वाट बघायलीत."

मित्रांनो, त्या दिवशी मला लय आनंद झाला. म्हणून विनवतो, डॉक्टर विचारतील ते न लाजता सांगा, आणि मला जिथं ऐकायचं तिथंच टेकू द्या. मी जरा गार लागतो, एवढंच!