छातीच्या उंचीवर

तिने गुडघ्यावरची नी-कॅप वर ओढली आणि काठी टेकत उठली.

"वहिनी, आलंच आता कुरण," पुढे चाललेला म्हातारा वनरक्षक म्हणाला.

"तुमच्या खात्याचं 'आलंच' मला सांगू नका, भावजी. तीस वर्षं ह्यांचं 'पुढच्या वर्षी नक्की' ऐकलंय."

तो हसला. तिच्या नवऱ्याबरोबर त्याने याच जंगलात उभी हयात काढली होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. पुढच्या आठवड्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्याआधी नवऱ्याने दाखवायचं कबूल केलेलं डोंगरावरचं ते कुरण एकदा बघायचंच, असा तिने हट्ट धरला होता. पहाटेपासून दोघं चालत होती.

झाडं तरी कसली! चौघांनी हात धरले तरी कवेत येणार नाहीत अशी. आणि शेवाळलेल्या प्रत्येक खोडावर विटलेल्या पांढऱ्या रंगाचा एक पट्टा.

"हे पट्टे कसले?"

"घेर मोजल्याची खूण. छातीच्या उंचीवर मोजायचा, असा नियम. त्यासाठी मापाची दांडी मिळायची. पण तुमच्या घरचा हा पठ्ठ्या दांडी घरी विसरणार आणि स्वतःच्या छातीला धरून पट्टा मारणार. ताडमाड माणूस! तेवढ्या वर खोड बारीक, सगळे घेर कमी भरले. साहेबांनी असा झापला म्हणता!"

"मग पुसले नाहीत?"

"कोण पुसतंय! झाड वाढतं ते शेंड्याला. पट्टा जागच्या जागी."

तिथून तिची चाल मंदावली. दर झाडापाशी ती थांबू लागली. दमली असेल, असं त्याला वाटलं.

दुपारी एकदम उजेड आला. शेवटचं झाड, आणि त्यापलीकडे मोकळं आभाळ, वाऱ्याने लवणारं गवत, पिवळी फुलं.

"बघा! म्हटलं होतं ना!" वनरक्षक गवतात शिरलासुद्धा.

ती झाडाखालीच उभी राहिली. पट्टा बरोबर तिच्या कपाळासमोर आला होता. ते घरी आले की दारात तिचं कपाळ त्यांच्या छातीवर नेमकं एवढ्याच उंचीला टेकायचं. तुमच्यापलीकडचं मला काही दिसतच नाही, म्हणून ती करवादायची. तिला त्यांची फार आठवण आली.

"पुढे झाडं नाहीत ना, भावजी?"

"एकही नाही. कुरण आहे ते! या की, तीस वर्षं वाट बघितलीत आणि आता दोन पावलांवर थांबलात?"

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी आलेच."

आणि तिने काठी खाली ठेवून पट्ट्यावर कपाळ टेकवलं.