बंद खोलीतला लसणाचा वास

"बाबांनी कढईत सळी फिरवली आणि सोनं वर आलं! या डोळ्यांनी पाहिलं!" बंद पडलेल्या खाणीच्या फाटकाशी झुंबड उडाली होती, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता माझा थोरला भाऊ.

किमयाबाबा खाणीतल्या टाकाऊ दगडाचा चुरा चुलीवर भाजत होता. स्वतःच्या नाकाला मात्र ओला फडका. "दगड रडला की सोनं हसतं! शंका घेईल त्याच्या हाती राख!" म्हणजे फसलं तर दोष तुमचा. सोय बघा कशी!

याच चुऱ्याची तपासणी हे माझं काम. त्यातून तांबं काढताना जोडीला थोडं सोनं सुटेल का, हे खाणीच्या कंपनीला जाणून घ्यायचं होतं. सोनं होतं, पण सूक्ष्मदर्शकालाही जेमतेम दिसणारं, आर्सेनिकच्या खनिजात अडकलेलं. ढवळून ते बापजन्मात सुटलं नसतं.

संध्याकाळी भावाकडे गेले. वहिनी खोकत होती.

"लसूण भाजताय का, वहिनी?"

"घरात पाकळी नाही लसणाची. हे महिनाभर आतल्या खोलीत दगड भाजतायत. बाबा म्हणाले, दारं-खिडक्या लावा, असा वास आला की सिद्धी जवळ आली. सोन्याचं बीज म्हणून माझ्या बांगड्याही नेल्या."

आर्सेनिक भाजलं की लसणाचाच वास येतो.

"दादा, हे विष आहे. बंद कर, खिडकी उघड."

"चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतेस?" तो हसला. "बरं बाई, ही बघ उघडली." माझी पाठ वळताच ती पुन्हा लागली, हे वहिनीने नंतर सांगितलं.

सकाळी भर गर्दीत मी बाबाच्या हातातली सळी हिसकावली. सळी कसली, नळी होती ती. टोक नखाने खरवडलं, तर काळं मेण सुटलं आणि आतून पिवळा कीस सांडला. कढईच्या उष्णतेने मेण वितळायचं, कीस चुऱ्यात पडायचा. झाला चमत्कार! माझ्या खिशातल्या भिंगाखाली कणाकणावर ओरखडे दिसले.

"दगडातल्या सोन्याला कानस कोण लावतं, बाबा?"

मला बोलवायला धावत आलेल्या वहिनीने भिंगातून पाहिलं. "माझ्या बांगड्या," एवढंच म्हणाली.

दादा पहाटेपासून उलट्या करत दवाखान्यात होता. सळीची हकीकत त्याने डोळे मिटून ऐकली. "खिडकी उघडी ठेवायला हवी होती गं," म्हणाला. आठवड्याने तो गेला.

वहिनी ती खिडकी आता कधीच लावत नाही. तुम्हालाही कोणी सांगेल, शंका घेऊ नका, दार लावून घ्या. तेव्हा आधी शंका घ्या आणि दार उघडा, आतला माणूस जिवंत आहे तोवर.