फक्कीची रेघ

उखर्डू आबांच्या डोक्यात एकच घोळ होता. पोरगा काल सातवा आला, मग पिवळा शर्ट त्याच्याच अंगात कसा? मुलगी मेघाने दोनदा समजावलं होतं. जळगावच्या मेहरूण तलावापासून निघालेली ही सायकलची स्पर्धा चार दिवसांची. चारही दिवसांचा वेळ एकत्र धरतात, ज्याचा सगळ्यात कमी त्याचा शर्ट. स्वप्नील नऊ सेकंदांनी पुढे होता. आज शेवटचा दिवस, धुळ्याहून साक्री. आबांनी मान डोलावली, पण कळलं काडीचंही नव्हतं.

गाव साक्रीच्या अलीकडे दोन किलोमीटर. आपला पोरगा दारावरून जाणार म्हटल्यावर गावाने रस्त्यावर स्वागताची कमान उभारली. कबड्डीचं मैदान आखावं तर आबांनीच, असा त्यांचा लौकिक. रेघ कशी सुतासारखी सरळ. आता कमान आहे आणि रेघ नाही, हे काय बरं दिसतं? आबांनी घमेलंभर पांढरी फक्की, मैदान आखायची भुकटी, आणली आणि कमानीखाली या कडेपासून त्या कडेपर्यंत झोकात रेघ ओढली. कशाला, म्हणून कोणी विचारलं नाही. शोभत होती की!

बाराच्या उन्हात दोघे आले. स्वप्नील पुढे, मागे एक परका पोरगा. उन्हाने भोवंडलेल्या स्वप्नीलला आपलं गावही ओळखू आलं नाही; कमान आणि रेघ दिसताच त्याने जीव तोडून पायडल मारलं, रेघ ओलांडली, दोन्ही हात वर केले आणि सायकलसकट रस्त्यातच आडवा झाला. बँड वाजला, गुलाल उडाला, आबांचा ऊर भरून आला. पण तो दुसरा थांबेना. मागून आणखी पाच गेले, तेही थांबेनात. अरे, हरलेली माणसं एवढ्या घाईने चालली कुठे?

मेघा धावत सुटली. "भाऊ, ऊठ, साक्री आजून बाकी शे!"

स्वप्नीलने मागे रेघेकडे पाहिलं, पुढे रस्त्याकडे पाहिलं. मग सायकल उचलून निघाला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अंगात साधा शर्ट होता. रेघ कोणी मारली, हे त्याने विचारलंच नाही. आबांना ते जास्त लागलं. बराच वेळ धोतराच्या सोग्यात लपवलेले हात त्यांनी शेवटी पुढे केले. तळव्यांवर फक्की तशीच होती.

स्वप्नील त्या हातांकडे बघत राहिला.

"रेघ इतली सरळ व्हती, आबा," तो म्हणाला, "म्हनीसन फसनू."

हे कौतुक की ठपका, आबांना तेही कळलं नाही. ते खाली बसले आणि पोराचे पाय चेपू लागले.