पाण्यावर पेटणारे दिवे

"ओत पाणी! भितोस कशाला? तुझी तयारी असेल तर पाण्याचं तेल होईल!"

योहानबुवा असं गरजले आणि चावडीपुढची गर्दी एकदम पुढं सरकली. मार्गासनीच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत एवढी माणसं मी फक्त जत्रेलाच पाहिली होती. खालवरच्या सगळ्या वाड्या लोटल्या होत्या. बाया पोरं काखोटीला मारून उभ्या होत्या. मध्ये पांढरा पायघोळ झगा घातलेले बुवा, त्यांच्यापुढं ज्याच्या त्याच्या नावाच्या पत्र्याच्या दिव्यांची रांग, आणि भोवती उदाचा इतका धूर की म्हातारी माणसं खोकून बेजार झाली होती.

गेनबा आमच्या वाडीतला मोठा शेतकरी. त्यानं घरच्या रांजणातलं पाणी तांब्यात आणलं होतं. ते त्यानं दिव्याच्या भोकातून आत ओतलं. बुवांनी काडी ओढून दिव्याच्या चोचीला लावली. फक्कन ज्योत उठली, पांढरीशुभ्र, भर उन्हात डोळे दिपतील अशी. गेनबानं तिथंच लोटांगण घातलं.

"पाहिलंत?" बुवांनी दोन्ही हात वर केले. "प्रभू येशू परत येतोय! रोहिणी लागतील त्या दिवशी येतोय! ज्याचा दिवा पेटला तो त्याच्यासंगं जाणार. ज्याचा नाही पेटला तो इथंच राहणार, रडत आणि दात खात! स्वर्गाच्या दाराला कुलूप नाही, पण उंबरा आहे, आणि त्या उंबऱ्यावर प्रभूनं मला बसवलंय!"

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या मनात आलं, म्हणजे जकातनाकंच की!

ही गोष्ट संस्थानी अमलातली, १९३६ सालच्या वैशाखातली. मी वाडीच्या शाळेत एकटा मास्तर. वाडीत ख्रिस्ती घर औषधालासुद्धा नव्हतं, पण बुवांना त्याची अडचण नव्हती. "खंडोबा मानता? खुशाल माना," ते म्हणायचे. "प्रभूला सगळे सारखे. तयारी तेवढी पाहिजे."

आता ही तयारी म्हणजे काय? खोटं बोलू नये, भावकीशी भांडू नये, हे सगळं ते सांगायचे. पण ते तोंडी लावण्यापुरतं. खरं ताट पुढंच होतं. "घरात भाताचं बी राखून ठेवलंय ना? का ठेवलंय? पुढच्या साली पेरायला! म्हणजे पुढचं साल येईल अशी तुझी खात्री आहे. म्हणजे प्रभू येईल अशी तुझी खात्री नाही! असल्या माणसाचा दिवा कसा पेटेल?" सबब ज्यानं त्यानं आपलं बियाणं प्रभूच्या कोठारात आणून घालायचं. हे कोठार चावडीच्या मागच्या खोलीत होतं आणि त्याची किल्ली बुवांच्या कमरेला होती.

त्याहून वाईट म्हणजे राब बंद झाले होते. आमच्याकडं भाताचं रोप टाकायच्या आधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर रचून तो वाफा भाजून काढतात. तो राब. राब नाही तर धड रोप नाही, आणि रोप नाही तर लावणी नाही. वैशाखात या डोंगरात जिकडंतिकडं धूर दिसायचा. त्या वर्षी एकही वाफा भाजलेला नव्हता. राब भाजणारा पावसाची वाट बघतो, प्रभूची नाही, असं बुवांनी ठरवून टाकलं होतं. मी चार घरी समजवायला गेलो. चारी घरी मला पाणी विचारलं, पण माझं ऐकलं कुणीच नाही.

गेनबानंतर रतनबाईची पाळी आली. मी तिच्याच घरी जेवायचो. घरात ती, तिची विधवा सून आणि दोन नातवंडं. तिचा मुलगा भिमा मागच्या साली तापानं गेला होता. तिनं पाणी ओतलं, बुवांनी काडी लावली. काही झालं नाही. दुसरी लावली. ती विझून काळी पडली.

"बाई," बुवा आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दिवशी मेलेली माणसं उठणार आहेत. तुझा मुलगा उठेल आणि चहूकडं तुला शोधेल. तू त्याला दिसणार नाहीस. घरात काय लपवून ठेवलंयस?"

रतनबाई मान खाली घालून परतली. वाटेत एका बाईनं तिला शिवू नये म्हणून लुगडं सावरून घेतलं. ते पाहून माझं डोकं फिरलं.

घरी तिनं मला भाकरी वाढली आणि कोपऱ्यातल्या कणगीकडं बोट केलं. कणगी शेणानं लिंपून बंद केलेली होती. आत आंबेमोहराचं बी होतं, भिमानं स्वतः निवडून भरलेलं.

"येत्या ऐतवारी देऊन टाकते, मास्तर."

"आणि नातवंडं काय खातील?"

"प्रभू आल्यावर खायला कशाला लागंल?"

"आणि नाहीच आला तर?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी हातातला घास ताटात ठेवला. "तुमास्नी काय ठावं? तुमचं कुनी गेलंय का? माजा ल्योक मला शोधंल आनि म्या हितं कणगीला टेकून बसलेली! माजीच कायतरी चूक हाय, म्हून दिवा पेटला न्हाई."

मला राग आला होता तो तिचा नव्हे. आईच्या दुःखाला गळ लावून बी ओढणाऱ्या माणसाचा राग आला होता. पण नुसत्या रागानं दिवा विझत नाही. मी आठवू लागलो. गेनबाचा दिवा पेटला तेव्हा उदाच्या धुरातूनही एक घाण वास आला होता, सडक्या लसणासारखा. बुवा म्हणाले होते, हा परलोकाचा वास. परलोकात लसूण सडवतात हे मला नवीन होतं. आणि हा वास मी पूर्वी कुठंतरी घेतला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नसरापूर गाठलं. तिथं अन्वरभाईंचं सायकलचं दुकान होतं. मी वासाचं नाव काढताच ते हसायला लागले. "मास्तर, सायकलची गॅसबत्ती विसरलात का?" त्यांनी फळीवरचा डबा काढला. आत राखाडी खडे होते. "कार्बाईड. वरून पाणी ठिबकलं की गॅस सुटतो, काडी लावली की जळतो. वास मात्र असा की बीबी घरात घेत नाही!" त्यांनी मूठभर खडे पुडीत बांधून दिले आणि भिजू देऊ नका म्हणून दोनदा बजावलं.

परतताना रस्त्यात चंद्राबाई भेटल्या. या भोरच्या ख्रिस्ती सुईण. एका बाळंतिणीला पाहायला आमच्याच वाडीकडं निघाल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या बुवांची बाजू घेतील. मी देवबिव मानत नाही हे त्यांना माहीत होतं आणि त्यावरून आमची शाब्दिक चकमक नेहमीची. पण सगळं ऐकून त्या रस्त्यातच थांबल्या.

"तारीख सांगतो?" त्या म्हणाल्या. "मास्तर, तारीख कुणालाही कळणार नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. मी रोज वाट बघते त्याची. म्हणून काय बाळंतीण टाकून डोंगरावर जाऊन बसू? मालक केव्हाही येवो, नोकर कामावर सापडला पाहिजे. तयारी म्हणतात ती ही. मी येते रविवारी."

रविवारी रतनबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत बी होतं, वर स्वच्छ फडकं झाकलेलं. मी तिला आडवा झालो.

"बुवा," मी म्हणालो, "बाईंचं बी घेण्याआधी माझी परीक्षा घ्या. मी नास्तिक. माझी तयारी शून्य."

लोक हसले. बुवाही हसले. "मास्तरांचा दिवा? तो पेटणं शक्य नाही!"

"दिवा नकोच मला." मी चावडीच्या खांबाला बांधलेल्या शेळीपुढची दगडी कुंडी ओढली, पाणी बहुतेक सांडून दिलं आणि पुडीतले खडे आत टाकले. तळच्या पाण्यात चर्रर्र करून फेस आला. मी लांबूनच काडी टाकली. भक्कन जाळ झाला. शेळी दावं तोडायला लागली.

"गेनबा," मी म्हणालो, "बघून घ्या. शेळीची तयारी झालेली आहे!"

आधी कुणाला हसावं की पळावं कळेना. मग मागून एक म्हातारी खिदळली आणि सगळी चावडी हसत सुटली. बुवा ओरडले, "हा सैतानाचा अग्नी आहे!"

"मग वास तुमच्याच स्वर्गाचा कसा?" चंद्राबाई पुढं झाल्या. "गेनबा, तुमचा दिवा उघडा बघू."

बुवा दिव्याकडं झेपावले, पण गेनबाचा हात आधी पोचला. त्यानं पत्र्याचं बूड पिरगाळून काढलं. आतून पांढरा चिखल पडला. गेनबानं तो बोटावर घेतला. जन्मभर तंबाखू मळलेला माणूस. त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

"ह्यो तर चुना हाय!"

"चुनाच," मी म्हणालो. "खडा पाण्यात विरघळला की गॅस निघून जातो आणि मागं चुना उरतो. यात बुवांचा प्रभू कुठंच नाही."

"मंग माजा?" रतनबाईनं पाटी खाली ठेवली होती. "माजा दिवा का न्हाई पेटला?"

तिचा दिवा मी तिच्याच हातात दिला. तिनं बूड काढलं. आत ओढ्यातली खडी होती, नुसती खडी. ज्याचं बी आलं त्याच्या दिव्यात कार्बाईड, ज्याचं नाही आलं त्याच्या दिव्यात खडी. एवढंच ते अध्यात्म.

रतनबाईनं ती खडी तळहातावर घेतली आणि बुवापुढं धरली. (इथून पुढं मी त्याला अहोजाहो करणार नाही.) "आठ दिस म्या जेवले न्हाई रं. माज्या पापानं ल्योक चुकंल म्हून. आनि तू खडी घातली व्हतीस?"

बुवानं झगा वर धरला आणि ओढ्याकडं धूम ठोकली. पोरं मागं लागली. झगा करवंदीच्या जाळीत अडकला आणि तिथंच राहिला. पोरांनी बुवाला धरलं, तर आत धोतर आणि बंडी निघाली, तुमच्याआमच्यासारखी. किल्ली कमरेला लटकलेली होती. ती काढून घेऊन लोकांनी त्याला ठाण्याच्या वाटेला लावला.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. कोठार उघडलं तेव्हा लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. प्रभूपुढं सगळे सारखे म्हणून त्या हरामखोरानं साऱ्या वाडीचं बी एकाच ढिगात ओतलं होतं. हळवं आणि गरवं एकत्र! हळवं भात लवकर पिकतं, गरवं उशिरा. असलं भेसळ बी पेरलं तर अर्धं पीक कापणीला येईपर्यंत उरलेलं हिरवंच राहणार. गेनबा ढिगातून मूठभर दाणे उचलून वेगळे करू पाहत होता.

साऱ्या वाडीत एकच बी निर्भेळ उरलं होतं. ते रतनबाईच्या पाटीत आणि कणगीत होतं. जिची तयारी नव्हती तिच्या.

ती मात्र चंद्राबाईंपाशी बसली होती. "खरं सांगा," ती म्हणाली. "भिमा येनार का न्हाई?"

मी तोंड उघडलं होतं. चंद्राबाईंनी हातानं मला गप्प केलं. "माझा विश्वास आहे की येईल," त्या म्हणाल्या. "पण कधी, ते मला ठाऊक नाही, आणि मी खोटं सांगणार नाही. बी त्यानं कुणासाठी भरलं होतं ते मात्र तुम्हाला ठाऊक आहे."

चंद्राबाईंच्या विश्वासाशी माझं आजही जमत नाही. पण त्या दिवशी त्यांच्याइतकं सरळ उत्तर मला जमलं असतं असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनबाईनं राब पेटवला. शेण सुनेनं वाहिलं, पाला मी ओढला आणि चंद्राबाईंनी पदर खोचून माती टाकली. धूर दिसताच एकेक जण बांधावर येऊन उभा राहिला. लुगडं सावरणारी ती बाईसुद्धा आली, रिकामी टोपली पाठीमागं धरून. रतनबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि बियाची पाटी जवळ ओढली.

"फुडं आन की टोपली," ती म्हणाली. "मागं धरल्यावर कशी भरू?"

सगळ्यांना पुरेल एवढं बी नव्हतंच. त्या साली वाडीत अर्धं पीक आलं आणि लोकांनी पुढं नाचणीवर दिवस काढले. पण कुणी गाव सोडलं नाही आणि रतनबाईची नातवंडं उपाशी निजली नाहीत.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. ज्याला वाट बघायची त्यानं खुशाल बघावी. माझी ना नाही. पण उद्या कुणी तुमच्यापुढं दिवा धरला आणि तुमच्या मनाची परीक्षा घेऊ लागला, तर ज्योतीकडं नंतर बघा. आधी दिव्याचं बूड काढा आणि आत काय घातलंय ते बघा. तो उघडू देत नसेल, तर आपलं बी उचला आणि घरी जाऊन राब भाजा.