वहिनींच्या गमती

आकाराम लिहिता लिहिता चपलेपाशी आला आणि त्याची बोटं थांबली. एवढं साधं कसं सांगायचं? बायको मंडईतून एका पायात चप्पल घालून घरी आली, हे तर कुणीही लिहील. त्याने थोडा विचार केला आणि एक कुत्रं घातलं. विजयमाला पुढे, पिशवीत मेथी, एक पाय अनवाणी, आणि मागून दुसरी चप्पल तोंडात धरून इमानदारीने चालत येणारं कुत्रं. कुत्रं सगळं पदरचं. पण लिहून झाल्यावर त्याला वाटलं, असणारच. सांगलीत कुत्र्यांना काय तोटा?

हे सगळं चाललं होतं कुपवाडच्या एमआयडीसीत, पंपाचे भाग ओतणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात. अठ्ठ्याण्णव सालचा दसरा नुकताच झाला होता. मालक ऋषिराज पोरसवदा, पण धडपड्या. परदेशातल्या ऑर्डरींसाठी त्याने इंटरनेट घेतलं होतं, आणि ते वापरायला अख्ख्या कारखान्यात एकच माणूस लायक निघाला, तो म्हणजे स्टोअरकीपर आकाराम. फौजेत सिग्नलमध्ये हवालदार होता. टेलिप्रिंटरवर उभी जवानी गेलेली, त्यामुळे बोटं कीबोर्डवर अशी पळत की ऋषिराज बघत राहायचा. दिवसाची पत्रं उरकली की संध्याकाळी थोडा वेळ मशीन तुमचं, असं ऋषिराजने आपण होऊन सांगितलं होतं.

त्या थोड्या वेळात आकारामला कट्टा सापडला. जगभर पांगलेल्या मराठी माणसांचा ई-मेलवरचा ग्रुप होता तो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, आणि लिहायचं म्हणजे काहीही. न्यू जर्सीतल्या एकाचं, कचरा टाकायला गेल्यावर, मागे दार लागलं आणि तो लुंगीवर बर्फात उभा राहिला. दुबईतल्या एकीचे मोदक फुटून त्यांची खीर झाली, तीच तिने नवीन पदार्थ म्हणून पाहुण्यांना वाढली. दुसऱ्याच्या घरचा चहा आपल्यापेक्षा बरा का लागतो, यावर आठवडाभर चर्चा चालली. कामाचं एक अक्षर नाही. आकारामला हे फार आवडलं. फौजेत त्याने आयुष्यभर फक्त कामाचंच पाठवलं होतं.

आता गंमत बघा. हा माणूस घरी मुका. लग्न झालं तसा हा सरहद्दीवर आणि विजयमाला कवठे महांकाळकडच्या गावात, सासू-सासरे आणि जिरायत शेत सांभाळत. वर्षाला दोन महिने रजा, त्यातही भावकी आणि कोर्टकचेरी. पत्रात लिहायचा काय, तर मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा. मूलबाळ झालं नाही. आईवडील गेले, पेन्शन झाली, मग दोघं सांगलीच्या विश्रामबागेत दोन खोल्यांत राहायला आली. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच रोज समोरासमोर, आणि बोलायला विषय नाही. तिने विचारायचं, भाकरी घालू का? याने म्हणायचं, घाल.

तोच माणूस कट्ट्यावर मात्र असा सुटला की विचारू नका. चपलेच्या गोष्टीने तर कहर केला. "वहिनींना आमचा साष्टांग नमस्कार," असं कुठून कुठून लोकांनी लिहिलं. कुणी म्हणालं, कुत्र्यालाही सांगा. मग दर आठवड्याला मागणी सुरू झाली, वहिनींची नवी गंमत कुठे? आकाराम गमती शोधायला लागला.

म्हणजे तो तिच्याकडे बघायला लागला. ती भाजी निवडताना, केस विंचरताना, दारातून आत येताना. एवढं त्याने तिच्याकडे उभ्या जन्मात बघितलं नव्हतं. आणि गमतीही मिळत गेल्या. जेवायला वाढलं तर ताटाच्या एकाच अंगाला सगळी गर्दी, दुसरी बाजू कोरी. दारातून जाताना खांदा चौकटीवर आपटायचा. दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवायला गेली आणि ओट्याच्या बाहेरच ठेवलं. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी लिहायचा.

"काय बघतासा सारकं?" एकदा तिने विचारलं.

"काय न्हाई," तो म्हणाला.

ती लाजली. खरं सांगायचं तर या वयात नवरा असा बघत बसतो म्हणून ती मनातून सुखावली होती. शेजारच्या रंगूबाईला तिने ते सांगितलंही. संध्याकाळी त्याच्या यायच्या वेळेला ती तोंड धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून बसायला लागली. हेही आकारामच्या लक्षात आलं, पण यात गंमत काही नव्हती, म्हणून त्याने ते लिहिलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर त्याला एकट्याला एक पत्र आलं. कट्ट्यावरच्या प्रियदर्शनीचं. मूळची साताऱ्याची, मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स. ती कट्ट्यावर कमी लिहायची, वाचायची सगळं. तिने लिहिलं होतं, "दादा, रागावू नका. वहिनींची चप्पल कुठल्या पायातली गेली? ताटाची कुठली बाजू कोरी राहते? आणि त्या पहिल्यापासूनच अशा आहेत का?"

आकारामला राग आला. नर्स ना ती, म्हणाला मनाशी, हिला जिथं तिथं रोगच दिसायचे. चारचौघांनी हसावं म्हणून सांगितलेली गोष्ट, तिचा कुणी पंचनामा करतं का? त्याने उत्तर दिलं नाही. पण शेवटचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. पहिल्यापासून अशी आहे का? असेल. नसायला काय झालं? एवढं म्हणून तो थांबला, कारण पुढे त्याला काही माहीतच नव्हतं.

दिवाळीत विजयमालाने पणत्या लावल्या त्या उंबऱ्याच्या एकाच बाजूला. ओळीने सुंदर लावल्या आणि दुसऱ्या बाजूला एकही नाही. आकारामने लिहिलं, आमच्याकडे यंदा अर्धीच दिवाळी, तुमच्या वहिनींनी तेल वाचवलं. लोक खूप हसले. प्रियदर्शनीने त्याला एकट्यालाच एक ओळ पाठवली, "दादा, डावी बाजू होती का?"

त्या दिवशी घरी जाऊन तो उंबऱ्यात उभा राहिला. आतून बाहेर तोंड करून, ती बसते तसा. अंधार डाव्या हाताला होता. मग त्याला चौकट आठवली, ताट आठवलं. सगळीकडे डावीच बाजू. तरी तो कुठे गेला नाही. कारखान्यात माल जायचाय, ती अशी हसतीखेळती आहे, उगाच दवाखान्याचं झेंगट कशाला, अशी एकेक कारणं काढत त्याने जवळजवळ तीन महिने घालवले. भित्रा नव्हता तो. लढाईतही याची बोटं थरथरली नव्हती. पण इथे भ्याला.

संक्रांतीला विजयमालाने बांगड्या भरल्या त्या एकाच हातात, आणि दुसरा हात मोकळा ठेवून हळदीकुंकवाला गेली. हे मात्र आकारामने कुणाला लिहिलं नाही. सकाळी एसटी धरली आणि कवठे महांकाळला तिच्या थोरल्या बहिणीकडे, आक्काताईकडे गेला.

आक्काताई सोप्यात ज्वारी पाखडत होती. पाहुणा एकटाच आलेला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं, सगळं बरं आहे ना विचारलं. आकारामने बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलून घेतलं. मग विचारलं, "आक्का, विजू पयल्यापासनंच येंधळी हाय का वो?"

"कोन येंधळी? विजू?" आक्काताई त्याच्याकडे बघतच राहिली. "आवं पावनं, अंधारात घागर भरून आणली तरी थेंब सांडत न्हवता तिचा. तुमची आय हातरुनाला खिळली तवा तिचं समदं हिनंच केलं, रान बगून. औषधाची एक येळ चुकली न्हाई. मी माज्या सुनंला आजून तिचं नाव सांगती." आणि मग ती हळूच म्हणाली, "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

जगभरातल्या लोकांना आकाराम चार महिने बायको समजावून सांगत होता, आणि ती कशी होती हे विचारायला त्याला मेहुणीच्या दारात यावं लागलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

मिरजेच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. उजव्या बाजूला गाठ होती, चांगली वाढलेली. त्यामुळे तिला डावं जग दिसत असून दिसत नव्हतं. हे कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. आकारामने घडाघडा सांगितलं. दसऱ्याला चप्पल, मग ताट, मग चौकट, मग दूध, दिवाळीला पणत्या. कोणत्या वेळी, कसं, कुठल्या बाजूला. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

"एवढं बारीक लक्ष असणारा नवरा मी पहिल्यांदा बघतोय," ते म्हणाले. "मग आणलं का नाही हो आधी?"

ते रागाने म्हणाले नव्हते. म्हणूनच आकारामला ते जास्त लागलं. व्हरांड्यात येऊन तो बाकावर बसला आणि फौजेतून आल्यापासून पहिल्यांदा रडला.

ऑपरेशन झालं. निघेल तेवढी गाठ काढली, राहिली ती राहिली. उन्हाळा लागला तशी विजयमाला खाटेवरच असायची. कट्ट्यावर तो गेला नव्हता. ऋषिराज सांगायचा, तुमच्या नावाने पत्रं येऊन पडलीत, वहिनींची नवी गंमत कुठे म्हणून विचारतात. आकाराम विषय बदलायचा. एक मात्र त्याने केलं होतं. प्रियदर्शनीला, तुम्ही बरोबर होता, एवढं लिहून कळवलं होतं.

चौदा एप्रिलच्या जयंतीला प्रियदर्शनी साताऱ्याला घरी आली, आणि एक दिवस एसटीने थेट सांगलीला. पस्तिशीची, सावळी, मोकळी. दारात चपला काढून ती सरळ खाटेच्या उजव्या अंगाला जाऊन बसली आणि तिने विजयमालाचा हात हातात घेतला.

"तुमी कोन वो?" विजयमालाने विचारलं.

"तुमची मैत्रीण. तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुम्हाला चांगली ओळखते."

आकारामला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. त्याने घरात यातलं काही सांगितलं नव्हतं. पण प्रियदर्शनीने लपवलं नाही. तिने चपलेची गोष्ट सांगितली, कुत्र्यासकट. ताटाची सांगितली, दुधाची सांगितली. विजयमाला आधी नुसती बघत होती, मग तिचं अर्धं तोंड हसायला लागलं.

"कुत्रं न्हवतं बगा," ती म्हणाली. "हे ह्यांनी लिवलं? एवढं समदं?"

"हो. लांब लांबची माणसं वाट बघायची."

विजयमालाने मान वळवून नवऱ्याला शोधलं. "मला कदी सांगिटलं न्हाई वो तुमी. मी बी हसली आसती की." मग म्हणाली, "समद्या चुकल्याल्याच लिवल्या. माजी येक तरी बरी गोष्ट सांगा की ह्यास्नी."

आकारामने तोंड उघडलं. आठवायला गेला. बऱ्या गोष्टी सगळ्या गावाकडच्या वर्षांतल्या, आणि त्या वर्षांत तो नव्हता. त्या दोघी वाट बघत होत्या, आणि त्याला एक सुचेना.

"ऱ्हाऊ द्या," विजयमाला म्हणाली. "मीच सांगती."

आणि ती सांगायला लागली, थांबत थांबत. एका साली सासरा आजारी, घरात कडबा संपलेला. बैल विकायला ती एकटी खरसुंडीच्या जत्रेला गेली होती. तरणी बाई, हातात कासरा. तिथं भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल उपरणं धरतो, त्याखाली घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून किंमत सांगायची, म्हणजे दुसऱ्याला कळत नाही. पुरुषांचा रिवाज तो.

"दलालानं उपरणं फुडं केलं," विजयमाला म्हणाली. "म्हनला, बाई, हात घातल्याबिगर सौदा हुत न्हाई. समदी जत्रा गोळा झाली बगाय. आन मी…"

तिला हसूच आवरेना. हसता हसता ठसका लागला. प्रियदर्शनीने पाणी पाजलं, पाठ चोळली. विजयमाला दमली होती. डोळे मिटत म्हणाली, "उद्या सांगती. लय मज्जा हाय."

पहाटे तिला झटका आला. त्यानंतर जीभ उचलली नाही. अक्षय्यतृतीयेच्या आधीच ती गेली.

दिवसकार्याला आलेल्या आक्काताईला आकारामने बाजूला घेऊन विचारलं, खरसुंडीला उपरण्याचं काय झालं? तिला माहीत नव्हतं. जत्रेला गेली होती एवढंच माहीत, त्या साली तिचं स्वतःचंच बाळंतपण होतं. ज्यांना माहीत असेल ते त्याचे आईबाप कधीच गेलेले. त्या वेळी आकारामला घरून पत्र आलं होतं, बैल विकला म्हणून. कुणी विकला, कसा विकला, हे त्याने उलट विचारलं नव्हतं.

पुढे कामावर जायला लागल्यावर एका संध्याकाळी तो मशीनसमोर बसला. विजयमाला गेली हे त्याने दोन ओळींत लिहिलं, आणि मग खरसुंडीची गोष्ट लिहिली, तिने सांगितली तेवढीच. कासरा, दलाल, उपरणं, गोळा झालेली जत्रा. पदरचं एक अक्षर घातलं नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रांचा ढीग होता. सगळ्यांना वाईट वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. आणि त्याखाली जवळजवळ प्रत्येकाने न राहवून विचारलं होतं, मग पुढे काय झालं? वहिनींनी काय केलं?

आकारामने कीबोर्ड पुढे ओढला. शेवट रचणं त्याला अवघड नव्हतं. एक सोडून चार सुचले असते, आणि लोकांना आवडलेही असते. पण त्याने लिहिलं, "मला माहीत नाही. मी तेव्हा घरी नव्हतो." आणि ते पाठवून दिलं.